बोटाखालचा फेरफार

संगणकाच्या प्रणालीचे अपडेट रात्री पार पडावे आणि सकाळी लॅपटॉप उघडताच पडद्यावरचा बाण बोटाचे ऐकेनासा व्हावा, हा अनुभव आता इतका सार्वत्रिक झाला आहे, की त्याविषयी तक्रार करणाराच लोकांना काहीसा हटवादी वाटू लागला आहे. कर्सर उडतो, मध्येच थबकतो. दोन बोटांनी पान सरकवू जावे तर ते सरकण्याऐवजी मोठे होते. टिचकी मारावी तर लागत नाही आणि कधी न मारताच लागते. आणि एवढे सोसून मनुष्य दुरुस्तीच्या दुकानात गेला किंवा कंपनीच्या दूरध्वनीवर ताटकळला, तर त्याला पहिला प्रश्न विचारला जातो तो असा, की हात ओला होता का, आपण काही सेटिंग बदलले होते का. बदल केला कोणी आणि जबाब मागितला जातो कोणाकडून, ही या प्रकरणातील मूळ विसंगती आहे, आणि तिच्याविषयी आता स्पष्ट बोलले पाहिजे असे माझे मत आहे.

हा विषय क्षुल्लक वाटण्याचे एक कारण असे, की ज्यांच्या हाती निर्णय असतात त्यांच्या मेजावर बहुधा स्वतंत्र माउस असतो आणि बिघाड निस्तरायला कार्यालयातला माणूस असतो. परंतु तहसील कचेरीजवळ सेवा केंद्र चालवून दिवसभर उत्पन्नाच्या व रहिवासाच्या दाखल्यांचे अर्ज भरून देणारा तरुण, प्रवेशप्रक्रियेच्या शेवटच्या संध्याकाळी घरातल्या एकुलत्या एका लॅपटॉपवर महाविद्यालयांचा पसंतीक्रम नोंदवणारी विद्यार्थिनी, किंवा कंपवाताने हात थरथरतो म्हणून टचपॅडची संवेदनशीलता मोठ्या प्रयासाने आपल्या हातापुरती जुळवून घेतलेले एखादे वृद्ध गृहस्थ, यांच्या दृष्टीने तो हाताएवढा चौकोन हेच यंत्राचे दार आहे, आणि ते दार अडले की आतले सारे ऐश्वर्य निरुपयोगी ठरते.

त्यातही मराठी टंकलेखन करणाऱ्यास हा उपद्रव अधिक जाचतो. इन्स्क्रिप्टच्या कळफलकावर मजकूर भरधाव उतरत असताना अंगठ्याच्या मुळाशी असलेला तळहाताचा मांसल भाग टचपॅडला सारखा घासत असतो. एरवी प्रणाली हा स्पर्श ओळखून सोडून देते. परंतु अपडेटनंतर तळहात ओळखण्याचा निकष रेसभर जरी ढळला, तरी कर्सर तीन ओळी वर जाऊन कोणत्या तरी शब्दाच्या पोटात बसतो, आणि टंकणाऱ्याचे लक्ष जाईपर्यंत एखादी वेलांटी भलत्याच व्यंजनाला चिकटलेली असते, एखादी मात्रा आधाराला व्यंजन नसल्यामुळे ठिपक्यांच्या वर्तुळावर ताटकळत उभी असते, आणि जोडाक्षर फुटून अर्जदाराचे आडनाव निराळेच झालेले असते. अर्जात आडनावाची वेलांटी चुकली म्हणजे पुढे दाखला, शिष्यवृत्ती आणि बँकेचे खाते यांचा मेळ बसवताना किती हेलपाटे पडतात, हे ज्याला पडले त्यालाच ठाऊक.

टचपॅड ही वस्तू मुळात काय आहे हे ध्यानात घेतले, म्हणजे या तक्रारीचे खरे स्वरूप उमगते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या त्या गुळगुळीत पृष्ठभागाखाली विद्युत्‌वाहक पट्ट्यांचे उभे-आडवे जाळे असते. बोट टेकताच त्या जागेची विद्युत्‌धारिता किंचित बदलते, आणि आतली चिप क्षणोक्षणी सारे जाळे चाचपून त्या बदलाचा मध्यबिंदू गणिताने काढते. हा बदल अतिशय सूक्ष्म असतो आणि त्यात बोटाचा घाम, पाण्याचा एखादा थेंब, चार्जरमधून येणारा विजेचा गोंगाट असे पुष्कळ काही मिसळलेले असते. या सरमिसळीतून बोट कोणते व तळहात कोणता, टिचकी कोणती व ओझरता स्पर्श कोणता, हा निवाडा करण्याचे काम सॉफ्टवेअरचे. येथे इतिहासातील एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. इंटेलचा ४००४ हा मायक्रोप्रोसेसर १९७१ साली ज्यांनी घडवला त्यांच्यापैकी एक असलेल्या फेदेरिको फॅजिन यांनी १९८६ साली कार्व्हर मीड यांच्या साथीने सिनॅप्टिक्स ही कंपनी काढली, तेव्हा टचपॅड हा शब्दही त्यांच्या योजनेत नव्हता. चेतापेशींच्या जाळ्याप्रमाणे काम करणारी विद्युत्‌मंडले रचावीत हा त्यांचा हेतू होता. अस्पष्ट संकेतांतून अर्थ काढण्याची हीच विद्या पुढे बोटाचा स्पर्श ओळखण्याच्या कामी आली, आणि १९९४ साली अ‍ॅपलच्या पॉवरबुक ५०० मालिकेत ट्रॅकबॉलच्या जागी ट्रॅकपॅड बसला तेव्हापासून ही वस्तू लॅपटॉपचे अविभाज्य अंग होत गेली.

त्यापूर्वीचा गोळीचा माउस अडखळू लागला, की त्याच्या पोटाची चकती फिरवून गोळी बाहेर काढायची, आतल्या रुळांवर बसलेला मळाचा थर नखाने खरवडायचा आणि गोळी पुन्हा आत टाकायची, एवढ्याने काम भागत असे. दोष डोळ्यांना दिसे आणि हाताने निघे. टचपॅडचा दोष असा दिसत नाही, कारण त्याचे वागणे वस्तूत कमी आणि संहितेत अधिक आहे. पूर्वी हावभाव ओळखण्याचे काम टचपॅड बनवणाऱ्या कंपनीचा स्वतंत्र ड्रायव्हर करीत असे. २०१३ साली विंडोज ८.१ बरोबर ‘प्रिसिजन टचपॅड’ ही पद्धती आली तेव्हापासून टचपॅडने केवळ बोटे कोठे टेकली एवढेच कळवावे आणि त्यांचा अर्थ खुद्द विंडोजने लावावा, अशी वाटणी झाली. २०१५ पासून अ‍ॅपलच्या काही लॅपटॉपांत तर ट्रॅकपॅड दाबला असता तो खाली जातच नाही. दाब मोजला जातो, विद्युत्‌चुंबकाने काचेला सूक्ष्म हिसका दिला जातो आणि बोटाला ‘कळ दाबली गेली’ असा भास होतो. यंत्र पूर्ण बंद असताना तीच काच दाबून पाहावी, ती निश्चल राहते. अशा वस्तूची प्रणाली बदलणे म्हणजे ती वस्तूच बदलणे होय. अपडेटमुळे टचपॅड ‘बिघडला’ असे आपण म्हणतो, पण अधिक अचूक बोलायचे तर आपण विकत घेतलेला टचपॅड काढून रातोरात दुसरा बसवण्यात आलेला असतो.

आता, मालकाच्या वस्तूत बदल करण्याची रीत आपल्याला अपरिचित नाही. जमिनीच्या अधिकार अभिलेखात फेरफार करावयाचा झाल्यास तलाठ्याने नोंद फेरफार नोंदवहीत घ्यावी, तिची प्रत चावडीवर लावावी, हितसंबंधितांना लेखी कळवावे, हरकत आल्यास ती विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत चढवावी, आणि हरकतीचा निकाल लागल्यावरच नोंद प्रमाणित व्हावी, असा शिरस्ता १९६६ च्या महाराष्ट्र जमीन महसूल संहितेने घालून दिला आहे. प्रत्येक फेरफाराला क्रमांक असतो, आणि सातबाऱ्यावरचे जुने नाव कंस करून वगळले तरी ते वाचता येते. हा शिरस्ता सर्वत्र निर्दोष पाळला जातो असा माझा दावा नाही. परंतु तो मोडला गेला असता दाद कशाच्या आधारे मागायची हे खातेदाराला ठाऊक असते. संगणकाच्या बाबतीत मात्र नोटीस येते ती ‘दोषनिवारण व सुधारणा’ या तीन शब्दांची, हरकत घेण्याची सोय नसते, आणि जुनी नोंद बहुधा काही दिवसांनी पुसली जाते.

अर्थात, अपडेटनंतर जे बिघडले ते अपडेटनेच बिघडले, असे मानून चालणे हाही अन्यायच, आणि येथे वाचकाने थोडा धीर धरून एकेका कारणाची छाननी करावी अशी माझी विनंती आहे. आपल्याकडे सर्वांत अधिक आढळणारे आणि सर्वांत कमी ओळखले जाणारे कारण भिंतीत दडलेले असते. लॅपटॉपच्या चार्जरमध्ये विजेचे रूपांतर होताना उच्च वारंवारतेचा गोंगाट निर्माण होतो, आणि तो जमिनीत निघून जाण्यासाठी तीन पिनांच्या प्लगातील मोठी पीन, म्हणजे अर्थिंग, कामास येते. परंतु जुन्या वाड्यांतून, चाळींतून आणि घाईने उभ्या केलेल्या गाळ्यांतून सॉकेटला तिसरे भोक असते खरे, पण त्यामागे तार जोडलेली नसते. शिवाय दोन पिनांचा अडॅप्टर लावून काम भागवण्याची सवय घरोघरी आहे. मग धातूच्या लॅपटॉपवरून मनगट फिरवताना बारीक झिणझिण्या जाणवतात आणि तोच गोंगाट टचपॅडच्या सूक्ष्म मोजणीत शिरून कर्सर नाचू लागतो. परीक्षा अगदी सोपी आहे: चार्जर काढावा. काढताच बाण शहाण्यासारखा चालू लागला, तर दोष विजेचा आहे आणि त्यासाठी तारतंत्र्याला बोलवावे. मात्र कालपर्यंत याच सॉकेटवर हेच यंत्र सुरळीत चालत होते आणि अपडेटच्या दुसऱ्या दिवशी ते अडखळू लागले, तर गोंगाट गाळण्याची पद्धत अपडेटमध्ये बदलली असण्याचा संभव उरतोच. दोन्ही कारणे एकाच वेळी खरी असू शकतात.

दुसरे कारण अधिक गंभीर आहे. पुष्कळ लॅपटॉपांत बॅटरी टचपॅडच्या अगदी खाली किंवा लगत असते. लिथियमची बॅटरी जुनी झाली म्हणजे तिच्यात वायू धरून ती फुगते आणि टचपॅडला आतून वर ढकलते. मग टिचकी घट्ट होते, एका कोपऱ्यात लागते व दुसऱ्यात लागत नाही. लॅपटॉप सपाट टेबलावर ठेवून त्याच्या कडा बोटाने दाबून पाहाव्यात: तो डगमगत असेल, झाकण नीट मिटत नसेल, टचपॅडची एक बाजू चौकटीपेक्षा उंच आलेली असेल, तर सॉफ्टवेअरच्या शोधात एक क्षणही न दवडता चार्जिंग थांबवावे आणि यंत्र जाणकाराकडे न्यावे. फुगलेली बॅटरी दाबून बसवण्याचा किंवा टोचण्याचा प्रयत्न कोणीही करू नये. तीत आगीचा धोका आहे.

बाकीची कारणे लवकर आटोपतात. मोठ्या अपडेटनंतर पहिले काही तास यंत्र पडद्याआड फायलींची सूची नव्याने करीत असते, तेव्हा सारेच मंदावते आणि कर्सरही. एक दिवस वाट पाहावी. बिनतारी माउसचा रिसीव्हर यूएसबीत विसरला असेल तर काही यंत्रे टचपॅड आपोआप बंद करतात. टिचकीचे, संवेदनशीलतेचे सेटिंग अपडेटने मूळपदावर नेले असेल तर ते पुन्हा लावावे. इतके करून भागले नाही, तर लिनक्सचा पेनड्राइव्ह लावून त्यावरून यंत्र सुरू करावे, म्हणजे मूळ प्रणालीला हात न लावता टचपॅडची परीक्षा होते: तेथे तो नीट चालला तर देह धडधाकट आहे आणि दोष प्रणालीचा, हे बव्हंशी निश्चित झाले. मग विंडोजमध्ये डिव्हाइस मॅनेजर उघडून टचपॅडच्या ड्रायव्हरवर ‘रोल बॅक’ करावे, म्हणजे जुना ड्रायव्हर परत बसतो. या सर्व शोधात एकच नियम प्राणपणाने पाळावा, तो असा, की एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तिचा परिणाम कागदावर लिहून ठेवावा. कारण ज्याने एका बैठकीत पाच सेटिंगे फिरवली त्याला बिघाडाचे मूळ तर सापडत नाहीच, पण पूर्वस्थितीचा पत्ताही राहत नाही.

परंतु नागरिकाने इतका पद्धतशीर तपास करून दोष अपडेटचाच आहे हे सिद्ध केल्यावरही त्याच्या हाती काय पडते, हा माझा खरा प्रश्न आहे. ‘रोल बॅक’ची कळ पुष्कळदा निष्क्रिय असते, कारण जुना ड्रायव्हर यंत्राने जपून ठेवलेलाच नसतो. विंडोजच्या मोठ्या आवृत्तीवरून मागे फिरण्याची मुदत साधारणतः १० दिवसांची असते. ती वाढवण्याची आज्ञा आहे, पण ती मुदतीच्या आत आणि ज्याला ठाऊक आहे त्यानेच द्यायची. मॅकवर मागील प्रणालीकडे परतायचे तर बहुधा सारी साठवण पुसून नव्याने मांडामांड करावी लागते. आणि रोग असा, की तो लहरी आहे! जो महिनाभर कार्यालयात माउस वापरतो व सुट्टीत गावी गेल्यावर प्रथम टचपॅडला हात लावतो, त्याला दहा दिवसांत दोष कळणार कसा? मुदत ठरवणाऱ्यांनी दोष प्रकट होण्यास लागणाऱ्या काळाचा विचार केलेला दिसत नाही.

यावर एक आक्षेप नेहमी घेतला जातो आणि तो खोटा नाही. अपडेट टाळणे धोक्याचे आहे. २०१७ च्या मे महिन्यात वॉनाक्राय या घातक सॉफ्टवेअरने ब्रिटनमधील रुग्णालयांचे काम ठप्प केले, तेव्हा ते ज्या छिद्रातून शिरले त्याची डागडुजी मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच देऊन ठेवली होती. ज्यांनी ती बसवली नाही ते सापडले. लगोलग जूनमध्ये तशाच नॉटपेट्याने मर्स्क या जहाजवाहतूक कंपनीला ग्रासले, आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या बंदरात तिच्याकडे असलेल्या टर्मिनलचे काम अडले. म्हणून अपडेट घेऊ नका असा सल्ला मी कोणालाही देणार नाही. परंतु त्याच नॉटपेट्याचा मूळ शिरकाव युक्रेनमधील एका लेखापालन सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून झाला होता, आणि १९ जुलै २०२४ रोजी क्राउडस्ट्राइक या संगणक-सुरक्षा कंपनीच्या सदोष अपडेटने सुमारे ८५ लाख विंडोज संगणक पाडले तेव्हा आपल्या विमानतळांवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास देण्याची पाळी आली होती. अपडेट चांगले की वाईट, असा हा वाद नाहीच. सुरक्षेची डागडुजी आणि बोटाच्या सवयीतला बदल हे दोन्ही एकाच गाठोड्यात बांधून, एकाच संमतीवर खपवणे, हे आक्षेपार्ह आहे. कुलूप बदलायला होकार देणाऱ्याने दाराची उंची बदलायलाही होकार दिला असे कोणी गृहीत धरू नये.

बदलाची जबाबदारी बदल करणाऱ्याने घेणे अशक्य आहे असे म्हणणाऱ्यांनी लिनक्सच्या गाभ्यावर काम करणाऱ्यांची रीत पाहावी. तेथे लिनक्सचे जनक लिनस तोर्वाल्ड्स यांनी वर्षानुवर्षे कठोरपणे पाळलेला दंडक असा, की जे कालपर्यंत चालत होते ते नव्या बदलाने चालेनासे झाले, तर दोष बदलाचा, वापरणाऱ्याचा नव्हे. हजार बदलांपैकी दोषी कोणता हे शोधण्यासाठी निम्मे निम्मे करीत दहा चाचण्यांत तो पकडण्याची सोयही त्यांनी करून ठेवली आहे, आणि ती शक्य होते ती प्रत्येक बदलाची स्वतंत्र नोंद असल्यामुळेच. कायद्यानेही इतरत्र पावले टाकली आहेत. अपडेटमुळे जुने फोन मंदावले म्हणून इटलीच्या स्पर्धा प्राधिकरणाने २०१८ साली अ‍ॅपल व सॅमसंग या दोघांनाही दंड केला. फ्रान्सने २०२० साली अ‍ॅपलला अडीच कोटी युरो भरायला लावले, ते ग्राहकाला आधी सांगितले नाही या कारणासाठी. युरोपीय संघाच्या २०१९ च्या निर्देशांनी तर डिजिटल वस्तू विकणाऱ्यावर अपडेट पुरवण्याचे दायित्व टाकले, आणि नंतर केलेल्या बदलाने ग्राहकाची गैरसोय झाल्यास डिजिटल सेवेच्या करारातून बाहेर पडण्याचा हक्कही त्याला दिला.

आपल्या २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्यात सदोष वस्तू आहे, उत्पादकाचे दायित्व आहे, अन्याय्य करारही आहे. विक्रीनंतर दूरस्थपणे बसवलेल्या अपडेटने वस्तू बिघडली तर काय, याचा स्वतंत्र उल्लेख नाही. केंद्राने २०२२ च्या जुलैमध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली आणि त्याच वर्षी २४ डिसेंबरला संकेतस्थळ उघडले, हे स्वागतार्हच. परंतु तेथील विचार मुख्यतः सुट्या भागांचा व दुरुस्तीच्या पुस्तिकांचा आहे. ज्या वस्तूचा सर्वांत महत्त्वाचा भाग संहिता आहे तिच्यासाठी जुना ड्रायव्हर हाच सुटा भाग होय, आणि तो यंत्राच्या आयुष्यभर उपलब्ध राहिला पाहिजे.

याची सुरुवात करायला संसदेची वाट पाहण्याचे कारण नाही. राज्य शासन स्वतःच मोठे गिऱ्हाईक आहे; तलाठ्यांपासून शाळांपर्यंत लॅपटॉप पुरवले जातात आणि त्यांच्या निविदांत मेमरी किती, पडदा किती इंची, हमी किती वर्षांची, हे बारकाईने लिहिलेले असते. त्याच निविदेत आणखी एक अट घालावी: हमीच्या काळात आलेल्या प्रत्येक अपडेटमध्ये टचपॅड, कळफलक व पडदा यांच्या वागण्यात काय बदलले हे मराठीत लेखी कळवावे, सुरक्षेचे अपडेट स्वतंत्रपणे घेण्याची मुभा असावी, आणि मागील ड्रायव्हर कधीही परत बसवता यावा. एवढ्या मोठ्या खरेदीदाराने अट घातली की पुरवठादार ती मान्य करतात, आणि मग दुकानातल्या गिऱ्हाइकालाही तेच यंत्र मिळते.

तोवर ज्याला त्रास झाला त्याने गप्प बसू नये. अपडेटचा क्रमांक व तारीख, यंत्राचे मॉडेल, चार्जर काढून व लावून काय फरक पडला, पेनड्राइव्हवरून सुरू केल्यावर काय दिसले, आणि ‘रोल बॅक’ उपलब्ध होते की नव्हते, एवढे पाच मुद्दे लिहून कंपनीकडे तक्रार रुजू करावी, तिचा नोंदणी क्रमांक घ्यावा, आणि उत्तर न आल्यास १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तोच मजकूर द्यावा. ‘माझा टचपॅड नीट चालत नाही’ या वाक्याला उत्तर देणे कंपनीला सोपे जाते. अमुक तारखेच्या अमुक अपडेटने माझी वस्तू बदलली आणि परतीची वाट मला ठेवली नाही, या तक्रारीची दखल तिला घ्यावी लागेल.